भाकर आणि कबर : जगबुडीच्या कथांतला माणूस

जग बुडाल्यावर माणसाचे माणूसपण कशात उरते, हा प्रश्न तसा जुनाच. नूह अलैहिस्सलाम यांच्या तारवाची हकीकत आपण सगळेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. यहुदी आणि ख्रिस्ती घरांतही ती सांगितली जाते. पण त्या तारवातली माणसे अल्लाहच्या हुकमाने वाचली होती आणि वाट दाखवायला पैगंबर त्यांच्यासोबत होते. गेल्या दोनशे वर्षांत युरोप-अमेरिकेत, आणि अलीकडे अरबी मुलुखातही, जगबुडीच्या ज्या कादंबऱ्या लिहिल्या गेल्या त्यांत असे तारू नसते. साथ येते, अणुबाँब पडतो, राज्य कोसळते आणि थोडी माणसे मागे उरतात. पोलीस नाही, बाजार नाही, दिवा नाही. मग लेखक विचारतो : आता जो उरला आहे, तो माणूस आहे की दोन पायांवर चालणारा नुसता जीव?

या कथांना विज्ञानकथेचे एक दालन मानतात आणि त्यांचा उगम एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात झाला, असे बहुतेक पुस्तकांत लिहिलेले असते. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. साडेसातशे वर्षांपूर्वी कैरो शहरातल्या एका हकिमाने हाच प्रश्न गोष्टीच्या रूपाने मांडला होता, आणि तोही एक फार मोठे शहर त्याच्या हयातीत जमीनदोस्त झाल्यानंतर. त्याची आठवण आपणच ठेवली नाही, तर ती दुसऱ्याने ठेवावी अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी?

त्या हकिमाकडे जाण्याआधी त्याच्या एका पूर्वसुरीला भेटायला हवे. अबू बक्र इब्न तुफैल हा अंदलुसचा, म्हणजे आजच्या दक्षिण स्पेनचा. ग्रानाडाजवळच्या वादी आश इथला. मुवह्हिद घराण्यातला खलिफा अबू याकूब यूसुफ याचा तो तबीब होता आणि ११८५ साली मराकेश इथे तो वारला. त्याच्या एका छोट्या पुस्तकाने त्याचे नाव राखले. पुस्तकाचे नाव 'हय्य बिन यकजान', म्हणजे 'जिवंत, जागत्याचा पुत्र'. माणसांची वस्ती नसलेल्या एका बेटावर एक मूल वाढते. त्याला हरिणी दूध पाजते. मूल सात वर्षांचे होण्याच्या सुमारास हरिणी मरते. आपली आई हलत का नाही, हे मुलाला कळत नाही. तिचे डोळे, कान सगळे जागच्या जागी आहेत. मग तिच्यातून गेले काय? तो तिची छाती चिरून पाहतो. काळजाचा एक कप्पा रिकामा सापडतो, आणि त्याच्या ध्यानात येते की आपण जिच्यावर माया केली ती हे शरीर नव्हे, जे निघून गेले ते होते.

पण शरीर कुजू लागते. त्याचे काय करायचे हे त्याला कोणी शिकवलेले नाही. तेवढ्यात दोन कावळे भांडतात, एक दुसऱ्याला मारतो आणि मग माती उकरून त्याला पुरतो. ते पाहून मूलही हरिणीला पुरते. वाचकांना इथे सूरह माइदामधला हाबील-काबीलचा किस्सा आठवला असेल. कावळा तिथूनच आला आहे हे उघड आहे. फरक इतकाच, की तिथे भावाचा खून करणारा कावळ्याकडून शिकतो आणि इथे आई गेलेले पोर शिकते. आणखी एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. हय्यला आग सापडते ती या दफनानंतर. माणसाने आग हाती घेतली तेव्हा तो माणूस झाला, असे आपण शाळेपासून वाचत आलो. इब्न तुफैलच्या गोष्टीत माणसाचे पहिले कृत्य आग पेटवणे हे नाही, मय्यत मातीआड करणे हे आहे.

पुढे मात्र इब्न तुफैल वेगळ्या वाटेने जातो. हय्य केवळ अक्कल आणि निरीक्षण यांच्या बळावर सृष्टीचे नियम शोधतो, निर्मात्यापर्यंत पोचतो. मग अब्साल नावाचा एक भाविक त्या बेटावर येतो आणि त्याला बोलायला शिकवतो. दोघे मिळून वस्तीच्या बेटावर जातात, लोकांना सत्य समजावू पाहतात, पण लोकांना ते पेलवत नाही. शेवटी हय्य आपल्या एकांतात परत येतो. म्हणजे शहाणा माणूस एकटाच पूर्ण होऊ शकतो. इतर माणसे असली तर ठीक, नसली तरी अडत नाही. १६७१ साली एडवर्ड पोकॉकने या पुस्तकाचे लॅटिन भाषांतर छापले, १७०८ साली सायमन ऑकलीचे इंग्रजी भाषांतर आले. डिफोची 'रॉबिन्सन क्रूसो' त्यानंतर ११ वर्षांनी आली. डिफोने हय्यची गोष्ट वाचली होती का, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण एकटा माणूस आणि ओसाड बेट ही जोडी अरबीतून युरोपच्या वाचकांपुढे आधीच पोचली होती, यात वाद नाही.

आता कैरोच्या हकिमाकडे वळू. अलाउद्दीन इब्न अन-नफीस १२१३ च्या सुमारास दमिश्कजवळ जन्मला आणि पुढे कैरोत स्थायिक झाला. वैद्यकाच्या इतिहासात त्याचे नाव एका शोधासाठी घेतले जाते. इब्न सीनाच्या ग्रंथातल्या शरीररचनेवर त्याने १२४२ साली भाष्य लिहिले. हृदयाच्या उजव्या कप्प्यातले रक्त मधल्या पडद्यातून डावीकडे झिरपत नाही, ते फुप्फुसांतून फिरून येते, हे त्याने त्यात सांगितले. ही गोष्ट पुढे शतकानुशतके विसरली गेली. १९२४ साली मुहीउद्दीन तंतावी या मिसरी डॉक्टरला बर्लिनच्या ग्रंथालयात ते हस्तलिखित सापडले, तेव्हा ती पुन्हा उजेडात आली. इब्न अन-नफीस नुसता तबीब नव्हता. तो शाफई फिक्हचा जाणकार होता आणि कैरोतल्या एका मदरशात ती शिकवतही असे.

त्याच्या हयातीत फेब्रुवारी १२५८ मध्ये हुलागूच्या फौजांनी बगदाद घेतले. खलिफा मुस्तअसिम मारला गेला. ७६२ साली वसवलेले, पाचशे वर्षे इस्लामी जगाची राजधानी म्हणून मिरवलेले शहर काही दिवसांत लुटले गेले. किती माणसे मेली याचे आकडे जुन्या बखरींत एकमेकांशी जुळत नाहीत. दजलेचे पाणी आधी रक्ताने लाल आणि मग बुडवलेल्या पुस्तकांच्या शाईने काळे झाले, असे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. त्यात अतिशयोक्ती असेल. पण कयामत आली, असे त्या वेळच्या माणसांना वाटले असेल तर त्यांना हसण्याचा आपल्याला अधिकार नाही. सप्टेंबर १२६० मध्ये ऐन जालूत इथे मिसरच्या ममलूक फौजेने मंगोलांना अडवले नसते, तर कैरोचीही तीच गत होण्याचे भय होते.

या घटनांनंतर, १२६८ ते १२७७ च्या दरम्यान केव्हातरी, इब्न अन-नफीसने 'रिसाला कामिलिया' लिहिला. ही इब्न तुफैलच्या गोष्टीला दिलेली उत्तरादाखल गोष्ट आहे. इथेही बेट आहे, इथेही माणसाविना वाढलेला एक मुलगा आहे. त्याचे नाव कामिल, म्हणजे 'पूर्ण'. गोष्ट सांगणाऱ्याचे नाव फाजिल बिन नातिक. नातिक म्हणजे बोलणारा, विचार आणि वाणी असलेला. इब्न तुफैलचा नायक जागत्याचा पुत्र होता, इब्न अन-नफीसचा निवेदक बोलत्याचा पुत्र आहे. जागे राहायला दुसरा कोणी लागत नाही. बोलायला लागतो.

कामिलही हय्यसारखाच पाहून, चाचपून, विचार करून बरेच काही शिकतो. तो कच्चे खातो, उघडा फिरतो. मग एके दिवशी वादळाने भरकटलेले एक जहाज बेटाला लागते. जहाजावरची माणसे आधी त्याला भितात, तोही त्यांना भितो. ती त्याच्यापुढे भाकर आणि शिजवलेले अन्न ठेवतात. ते खाऊन तो सुखावतो. ती त्याला कपडे घालतात आणि हळूहळू बोलायला शिकवतात. या भाकरीपासून कामिलच्या विचाराला वेगळेच वळण लागते. ही भाकर एकट्याने होत नाही. कोणीतरी पेरले, कोणीतरी दळले, कोणीतरी भाजले. म्हणजे माणसाला नीट जगायचे तर माणसांत राहावे लागते. माणसांत राहायचे तर देण्याघेण्याचे नियम हवेत. ते सर्वांनी मानायचे तर ते वरून आलेले हवेत, आणि ते आणणारा पैगंबर हवा. अशा पायऱ्यांनी तो नबुवतीच्या गरजेपर्यंत पोचतो. हय्य ज्या शिखरावर एकटा चढला, तिथे कामिल भाकरीच्या वाटेने, सगळ्यांना सोबत घेऊन जातो. इब्न अन-नफीसच्या मते त्याचे 'पूर्ण' होणे यातच आहे.

रिसाल्याच्या उत्तरार्धात कामिल पुढचा काळही विचाराने ताडतो. उम्मतीवर काफिर फौजांची स्वारी होईल, मुलूख जातील, आणि मग एक कठोर सुलतान त्यांना थोपवेल, असे तो सांगतो. हा सुलतान बैबर्सच, हे ओळखायला त्या काळच्या वाचकाला वेळ लागला नसेल. त्यात दरबाराची मर्जी राखण्याचा भागही असावा. शेवटी जगाचा अंत येतो, तोही एका खगोलशास्त्रीय कारणाने. सूर्याच्या वाटेचा कल हळूहळू कमी होत जातो, ऋतू नाहीसे होतात, काही मुलूख होरपळतात तर काही गोठतात, माणसांचे मिजाज बिघडतात आणि दंगे माजतात. पृथ्वीचा आस, हवामान आणि समाज यांचा असा संबंध जोडून जगबुडीची गोष्ट सांगणारा हा माणूस तेराव्या शतकातला होता. याला आजच्या अर्थाने विज्ञानकथा म्हणावे की नाही हा वाद पंडितांनी घालावा. आपल्याला महत्त्वाचे आहे ते हे, की बगदाद पडल्यावर एका विचारी मुसलमानाने 'माणूस म्हणजे काय' याचे उत्तर बदलले. बगदादमध्ये अक्कल कमी नव्हती, पुस्तके कमी नव्हती. तेवढ्याने शहर वाचले नाही.

नव्वद वर्षांनी दुसरे संकट आले. १३४८ साली ताऊन, म्हणजे प्लेग, भूमध्य समुद्राच्या दोन्ही काठांवर पसरला. ट्यूनिसमधल्या एका सतरा वर्षांच्या मुलाचे आईवडील त्यात गेले, त्याचे कित्येक उस्ताद गेले. तो मुलगा म्हणजे इब्न खल्दून. १३७७ साली त्याने 'मुकद्दिमा' लिहिला, तेव्हा माणसाविषयीचा पहिला युक्तिवाद त्याने भाकरीवरच रचला. एका दिवसाचे अन्न म्हटले तरी दळायला, मळायला, भाजायला हात हवेत. त्यासाठी लागणारी भांडी आणि अवजारे करायला लोहार, सुतार, कुंभार हवेत. एकट्याला ते साधणारे नाही. हा विचार तत्त्ववेत्त्यांकडून चालत आला होता. पण ज्याने पोरवयात गावेच्या गावे रिकामी होताना पाहिली, त्याने तो ग्रंथाच्या आरंभी ठेवावा याला काही अर्थ आहे.

त्याच प्लेगमध्ये माणसाचे दोन चेहरे दिसले, आणि दोन्ही नोंदलेले आहेत. इब्न बतूता १३४८ साली दमिश्कमध्ये होता. तिथे तीन दिवसांचे रोजे ठेवले गेले. मग लोक मोठ्या मशिदीत रात्रभर जागले आणि सकाळी अनवाणी शहराबाहेर निघाले. मुसलमानांच्या हाती कुरआन होते, यहुद्यांच्या हाती तौरात होती, ख्रिस्त्यांच्या हाती इंजील होती. बाया, पोरे, सगळी एका रस्त्याने रडत चालली होती. तर १४ फेब्रुवारी १३४९ रोजी स्ट्रासबर्ग शहरात शेकडो यहुद्यांना जिवंत जाळण्यात आले. यहुद्यांनी विहिरींत विष घातले अशी अफवा होती आणि प्लेग तर तोवर त्या शहरात पोचलाही नव्हता. पोप सहावा क्लेमेंट याने आदल्या वर्षीच फर्माने काढून ही अफवा खोटी ठरवली होती. यहुदीसुद्धा याच साथीत मरत आहेत, असे त्याने बजावले होते. त्याचे कोणी ऐकले नाही. दमिश्क म्हणजे चांगले आणि स्ट्रासबर्ग म्हणजे वाईट, पूर्व म्हणजे दया आणि पश्चिम म्हणजे क्रौर्य, असा सोपा हिशेब आम्हाला मांडायचा नाही. तसा हिशेब आपल्याच इतिहासातली पाने खोटा पाडतील. सांगायचे आहे ते एवढेच, की एकाच मरणाच्या भीतीने माणसे एका रस्त्यावर येऊ शकतात आणि शेजाऱ्याची चिताही रचू शकतात.

युरोपातली जगबुडीची पहिली मोठी कादंबरी हीच गोष्ट वेगळ्या रीतीने सांगते. मेरी शेली ही 'फ्रँकेन्स्टाइन'ची लेखिका. तिची 'द लास्ट मॅन' म्हणजे 'शेवटचा माणूस' १८२६ साली निघाली. तोवर तिची तीन मुले गेली होती, नवरा १८२२ मध्ये समुद्रात बुडाला होता, मित्र बायरन १८२४ मध्ये ग्रीसमध्ये वारला होता. शेवटचा माणूस म्हणजे काय हे तिला पुस्तकांतून शिकावे लागले नाही. कादंबरी एकविसाव्या शतकाच्या अखेरीस घडते. साथ तुर्क-ग्रीक युद्धात, कुस्तुंतुनियापाशी सुरू होते. रोगराई पूर्वेकडून येते ही युरोपची जुनी समजूत तिथे तशीच आहे, आणि आपल्यासारख्या वाचकाला ती खटकल्यावाचून राहत नाही. इंग्लंडचे लोक आधी समजतात की आपण बेटावर आहोत, आपल्याला काही होणार नाही. मग साथ तिथेही पोचते.

या कादंबरीत एक प्रसंग आहे. नायक लायोनेल व्हर्नी अंधारात घरी येतो, तेव्हा साथीने तडफडणारा एक काळा माणूस त्याला घट्ट धरतो. व्हर्नी त्याला झिडकारतो, पण मरणाऱ्याचा श्वास त्याच्या छातीत गेलेला असतो. तो आजारी पडतो आणि बरा होतो. लागण होऊन बरा झालेला कादंबरीतला तो एकटाच. मेरी शेलीने याचे स्पष्टीकरण दिलेले नाही. अभ्यासक मात्र त्यावर बरेच थांबले आहेत. ज्याला त्याने झिडकारले त्याच्या मिठीनेच तो वाचला, असा अर्थ त्यातून निघतो. शेवटी व्हर्नी एकटा उरतो. गावागावांतून जाताना तो भिंतींवर पांढऱ्या रंगाने तीन भाषांत लिहून ठेवतो की मी रोमला राहायला गेलो आहे, कोणी उरले असेल तर यावे. रोममध्ये सगळे महाल त्याचेच आहेत, सगळी ग्रंथालये त्याचीच आहेत. तिथे तो संगमरवरी पुतळ्यांना मिठी मारतो. मग कोणी वाचणार नाही हे ठाऊक असूनही आपली हकीकत लिहितो. इब्न तुफैलच्या हय्यला जो एकांत हवासा होता, तो व्हर्नीला शिक्षा झाला आहे.

विसाव्या शतकात अणुबाँब आला आणि अशा कथांचे पीकच आले. त्यांतल्या एकीचाच उल्लेख करू. वॉल्टर मिलर हा अमेरिकन सैनिक दुसऱ्या महायुद्धात इटलीवर बाँब टाकणाऱ्या विमानांत होता. मोंते कसिनो इथला प्राचीन ख्रिस्ती मठ १९४४ साली ज्या हल्ल्यांत उद्ध्वस्त झाला, त्यांत त्याचाही भाग होता. त्याच्या 'अ कँटिकल फॉर लाइबोविट्झ' या १९५९ सालच्या कादंबरीत अणुयुद्धानंतर शेकडो वर्षे एका मठातले साधू जुने कागद जपतात. त्यांना त्यांतले काही कळत नाही. लाइबोविट्झ नावाच्या इंजिनिअरच्या हातचे कागद सापडतात, तेव्हा त्यांत विजेच्या कसल्याशा मांडणीचा एक आराखडा असतो, आणि बायकोसाठी बाजारातून मांस आणि पाव आणायचा आहे अशी एक चिठ्ठीही. साधू दोन्ही पवित्र मानतात. आराखडा एक जण पंधरा वर्षे खपून सोनेरी वेलबुट्टीसह उतरवून काढतो. काही शतकांनी त्याच विद्येतून पुन्हा दिवा लागतो आणि पुन्हा बाँबही तयार होतो. लेखकाला काय म्हणायचे आहे ते उघड आहे. विद्या जपली म्हणून माणुसकी जपली जात नाही. ती घरी पाव न्यायच्या चिठ्ठीत होती, पण तिची नक्कल करायला कोणी पंधरा वर्षे बसले नाही.

इब्न अन-नफीसच्या मुलखातही हा प्रश्न पुन्हा आला, आणि तोही एका डॉक्टरच्याच लेखणीतून. तंता शहरातले डॉक्टर अहमद खालिद तौफीक यांची 'यूटोपिया' ही अरबी कादंबरी २००८ साली आली. तौफीक २०१८ मध्ये वारले. गोष्ट २०२३ सालच्या मिसरची आहे. इथे बाँब पडत नाही, साथ येत नाही. श्रीमंत माणसे समुद्रकाठच्या तटबंद वसाहतीत राहायला जातात, विदेशी सैनिक दारावर पहारा देतात आणि बाहेरचा सगळा देश उपाशी सोडलेला असतो. वसाहतीतल्या पोरांना करमत नाही, म्हणून ती बाहेर येऊन गरिबांची शिकार करतात आणि तोडलेला हात बक्षीस म्हणून नेतात. असाच एक तरुण आपल्या मैत्रिणीसह कैरोच्या शुब्रा भागात सापडतो. जाबिर नावाचा एक गरीब, शिकलेला तरुण दोघांना लपवतो, जगवतो, परतीची वाट दाखवतो. त्याच्या बदल्यात तो शिकारी त्याच्या बहिणीची अब्रू घेतो आणि जाबिरला मारतो. कादंबरी वाचवत नाही इतकी कडू आहे. पण तिने एक भ्रम दूर केला. जगबुडी नेहमी सगळ्यांवर एकदम येत नाही. एका घरात मेजवानी चाललेली असताना शेजारच्या घरात ती येऊन गेलेली असू शकते.

आणि बगदाद? एप्रिल २००३ मध्ये अमेरिकी फौजा शहरात शिरल्यावर माजलेल्या अंदाधुंदीत तिथले राष्ट्रीय ग्रंथालय लुटले आणि जाळले गेले. ५ मार्च २००७ रोजी पुस्तकविक्रेत्यांच्या मुतनब्बी रस्त्यावर बाँबस्फोट झाला. या शहराची अहमद सादावी यांनी लिहिलेली 'बगदादमधला फ्रँकेन्स्टाइन' ही अरबी कादंबरी २०१३ साली आली आणि पुढच्या वर्षी तिला अरबी कादंबरीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हादी नावाचा एक भंगारवाला आपल्या मित्राची मय्यत आणायला शवागारात जातो. स्फोटात मेलेल्यांचे अवयव एकमेकांत इतके मिसळलेले असतात की मित्र कोणता हे कळत नाही. त्या दिवसानंतर तो रस्त्यावर पडलेले तुकडे गोळा करू लागतो आणि शिवून एक अख्खे शरीर करतो. कशासाठी? तर हे तुकडे कचऱ्यात जाऊ नयेत; अख्खी मय्यत दिसली तर तिला रीतसर दफन तरी मिळेल. पुढे ते शरीर उठून चालू लागते, सूड घेऊ लागते आणि शेवटी निरपराधांनाही मारते. म्हणजे दयेतून सुरू झालेले कामही बिघडू शकते, हे सादावी लपवत नाहीत. पण मेरी शेलीचा शास्त्रज्ञ कीर्तीसाठी प्रेत शिवतो आणि बगदादचा भंगारवाला कबरीसाठी शिवतो, हा फरक आम्हाला फार मोठा वाटतो. हय्यने हरिणीसाठी उकरलेली माती आठशे वर्षांनी इथे पुन्हा हाती येते.

हे सगळे पुस्तकांतले, असे कोणी म्हणेल. म्हणून २०२० सालाकडे वळायला हवे. मार्च महिन्यात दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजमधली बातमी आली आणि काही दिवसांतच कोरोना म्हणजे मुसलमान असे समीकरण देशभर मांडले गेले. भाजीवाल्यांना नावे विचारली गेली. स्ट्रासबर्गच्या विहिरीची अफवा मोबाइलवरून फिरत होती. त्याच ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेले, असे मत नोंदवले. निकाल आला तोवर अनेकांची भाकर गेली होती.

कबरीचा प्रश्नही तेव्हाच उभा राहिला. ३० मार्चला मुंबई महापालिकेने परिपत्रक काढले, की कोणत्याही धर्माची असो, कोरोनाने मेलेल्या व्यक्तीचे दहनच करावे. ते त्याच दिवशी बदलले गेले. श्रीलंकेत मात्र हा नियम एप्रिल २०२० पासून फेब्रुवारी २०२१ पर्यंत लागू राहिला. दफनाने धोका नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन असूनही तिथे मुसलमानांच्या मय्यती जाळल्या गेल्या; त्यांत वीस दिवसांचे एक बाळही होते. जुलै २०२४ मध्ये श्रीलंकेच्या सरकारने याबद्दल माफी मागितली. ज्यांच्या घरची मय्यत गेली त्यांच्यासाठी ती माफी कुठल्या कबरीवर ठेवायची?

पण त्याच महिन्यांत पुण्यात आणि मुंबईत आणखी एक गोष्ट घडत होती. मरणाऱ्याचे नातेवाईक कुठे विलगीकरणात होते, कुठे गावी अडकले होते, कुठे भीतीने पुढे येत नव्हते. कब्रस्तानात काम करणाऱ्या मुस्लिम कार्यकर्त्यांनी मय्यती उचलल्या. त्या सगळ्या मुसलमानांच्या नव्हत्या. हिंदूंना त्यांनी स्मशानात नेले आणि ज्याच्या त्याच्या रीतीने निरोप दिला. वर्तमानपत्रांत त्याच्या बातम्या आल्या आणि विरूनही गेल्या. दफन हे आपल्याकडे फर्ज-ए-किफाया आहे. वस्तीतल्या काहींनी केले तर सर्वांच्या डोक्यावरून उतरते, कोणीच केले नाही तर सगळी वस्ती गुन्हेगार. या कार्यकर्त्यांनी वस्ती या शब्दाचा अर्थ मोठा केला. आपल्या जमातीपुरता नव्हे, शहरापुरता.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. अक्कल, हत्यार, आग, पुस्तके यांनी माणूस बलवान होतो. हुलागूकडेही अक्कल होती आणि 'यूटोपिया'तल्या तटबंद वसाहतीत पुस्तकांना तोटा नाही. जगबुडीच्या या सगळ्या गोष्टी एकत्र वाचल्या तर माणूसपण दोन साध्या कामांवर येऊन ठरते. अनोळखी माणूस दारात आला तर त्याच्यापुढे भाकर ठेवणे, आणि परतफेड करू न शकणाऱ्या मेलेल्याला मातीपर्यंत, किंवा त्याच्या रीतीप्रमाणे चितेपर्यंत, पोचवणे. दोन्ही कामे एकट्याने होत नाहीत. म्हणूनच इब्न अन-नफीसने बेटावर जहाज आणले.

मराठीत जयंत नारळीकरांनी 'हिमप्रलय' या कथेत मुंबईवर बर्फ पाडून दाखवला आणि विज्ञानाच्या अंगाने संकटाचा विचार केला. आपल्या लेखकांनी आता तो धागा पुढे न्यावा असे आम्हाला वाटते. संकटात बळीचा बकरा होणे काय असते हे आपण वाचून शिकलो नाही, आणि परक्याची मय्यत उचलणे काय असते हेही आपल्याच माणसांनी करून दाखवले आहे. या दोन्ही अनुभवांतून उभी राहणारी जगबुडीची कथा मराठीत यायला हवी. इब्न अन-नफीस १२८८ साली कैरोत वारला, तेव्हा त्याने आपले राहते घर आणि सगळी पुस्तके मन्सूरी इस्पितळाला देऊन टाकली. ते इस्पितळ अवघ्या चार वर्षांपूर्वी, १२८४ मध्ये, सुलतान कलावूनने बांधले होते. बगदाद बुडाल्याला तीस वर्षे झाली होती. मंगोल फौजा अजून शामच्या सीमेवर येत-जात होत्या. पुन्हा काय होईल हे कोणालाच ठाऊक नव्हते. म्हाताऱ्या हकिमाने तरीही पुढे येणाऱ्या रोग्यांचा विचार केला.